कौल लावून घेतलेलं सॉफ्टवेअर

काल सकाळपासून जामसंड्यात नेट नव्हतं. घरातला लँडलाइन मात्र सारखा वाजत होता, आणि मामा त्याच्या बाजूलाच बसून सुपारी कातरत होता... उचलत नव्हता. यात काय एवढं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी कॉलेज अर्धवट सोडलेली. आधी गोव्यात एका शॅकमध्ये, मग तारकर्लीला डॉल्फिन दाखवायच्या बोटीवर, मग आणखी कुठे कुठे... मामाकडे आंबे खायला म्हणून आले ती राहिलेच. सायबर कॅफेत बसून शिकले आणि मामाच्या हापूसची वेबसाइट केली. (मध्येच तासन् तास लडाखचे फोटो बघत बसायचे, ते वेगळं.)

वेबसाइटवर नंबर घरच्या लँडलाइनचा. म्हणजे आमचा कस्टमर सपोर्ट, मामा. ठाण्याहून कुणी पेटीचा भाव विचारायला फोन करायचा, आणि मामा त्याचं गाव, वाडी, आजोळ सगळं काढून झाल्यावर आत ओरडायचा, "आपलो माणूस आसा गो, चाय ठेव."

आतून मामी, "ठेवतंय. कप काय ठाण्याक कुरियर करतलास?"

मजा होती, पण ऑर्डर लिहून घ्यायची राहून जायची. कुणाला पेटी दोनदा, कुणाला एकदाही नाही. दबलेल्या आंब्यांच्या तक्रारी थोड्या मेलवर, थोड्या माझ्या मोबाईलवर आणि बाकीच्या मामाच्या डोक्यात... म्हणून यंदा ठरवलं, नीट सीआरएम सॉफ्टवेअर घ्यायचं.

दोन सॉफ्टवेअरची ट्रायल चालू केली. एक महाग, त्यात मेल, फोन सगळं एका जागी, आणि प्रत्येक तक्रारीला आपला नंबर. दुसरं स्वस्त, साधं, फक्त मेलपुरतं. पहिल्यात सगळी नावं भरून झाली की मला दुसरं आवडायला लागायचं... दुसऱ्यात भरायला बसले की पहिल्याचे रिपोर्ट आठवायचे. बागेत फळ तयार होत आलं तरी माझं काही ठरेना.

शेवटी मामाच वैतागला. "देवाक इचार आणि काय ता एकदाचा घी."

आमच्या घरात विहीर, लग्न, नवी कलमं, सगळं गावच्या देवळात कौल लावूनच होतं. मलाही बरंच वाटलं. दोघं सकाळी नारळ घेऊन गेलो.

गुरवकाका म्हणाले, "ह्या सीआरएम म्हणजे काय ता आधी माका सांग. मी देवाक काय सांगू?"

म्हटलं, गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकून ठेवतं, कुणाचं राहिलंय ते आठवण करून देतं.

"मगे ह्या तर देव करताच आसा," काका म्हणाले. मामा पोटभर हसला.

मग पाषाणावर दोन बाजूंना पाकळ्या लावल्या आणि काकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा... ह्या चेडवान आंब्याचो धंदो कम्प्युटरार मांडलो हा... पयला यंत्र घेऊचा आसात तर उजवो दी, दुसरा घेऊचा आसात तर डावो दी..." मामा प्रत्येक वाक्याला हात जोडून, "होय म्हाराजा."

उजवी पाकळी पडली. महागवालं.

"आणखी काय इचारूचा आसा?" काकांनी विचारलं. मामाने माझ्याकडे बघितलं. माझं लक्ष पायरीवरच्या कुत्रीच्या पिल्लांकडे होतं... एक काळं पिल्लू माझ्या चपलेचा पट्टा चावत होतं. "नाही, एवढंच," म्हणून मी उठले.

त्याच दिवशी वेबसाइटवरून लँडलाइन काढला आणि माझा मोबाईल टाकला. सॉफ्टवेअर खरंच चांगलं निघालं. एकही पेटी चुकली नाही, तक्रार आली की संध्याकाळच्या आत उत्तर जायचं. आणि मामाने त्या दिवसापासून फोनला हात लावला नाही. मला वाटलं, सुटला बिचारा कटकटीतून. मैत्रिणींना कौतुकाने सांगायचेसुद्धा, आमच्या मामाने नवं लगेच स्वीकारलं म्हणून...

तर काल नेट गेलं. सगळ्या तक्रारी कम्प्युटरमध्ये अडकल्या. पेट्यांवरच्या स्टिकरवर अजून जुनाच नंबर आहे, त्यामुळे लँडलाइन वाजायला लागला, आणि माझ्या कानाला मोबाईल चिकटलेला. म्हटलं, मामा, आजच्या दिवस तू घे ना.

"कौल झालो हा गो. आता कसो घेऊ?"

म्हटलं, देवाने तुला फोन घेऊ नको असं कुठे सांगितलंय?

मामाने अडकित्ता खाली ठेवला. "देवाक इचारलंस... माका खंय इचारलंस?"

रागाने नाही. पेटीत किती आंबे राहिले हे सांगावं तसं.

मला देवळातली त्याची नजर आठवली. त्याला आणखी एक विचारायचं होतं, आता फोन कुणी घ्यायचा ते... आणि ते मी विचारावं असं वाटत होतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी त्याने उचलला, माझ्यासाठीच. मला वाटलं आता गाव विचारेल, वाडी विचारेल. मामी तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पलीकडच्या बाईंनी त्यांच्या तक्रारीचा नंबर सांगायला सुरुवात केली असणार... मामा थोडा वेळ ऐकत राहिला. मग तालुक्याच्या कचेरीत बोलतो तसल्या मराठीत म्हणाला, "हो, एक मिनिट थांबा हं."

आणि रिसीव्हर माझ्यापुढे केला. "घी. तुझा गिऱ्हाईक."

मामी आत गेली. चहाचं कुणी काही बोललं नाही.

सॉफ्टवेअरचं वर्ष संपलं की मी ते पुन्हा घेईन, त्यात त्याचा काही दोष नाही. फक्त त्या सकाळी पिल्लांवरून नजर काढून एकदा मामाच्या तोंडाकडे बघायला हवं होतं...