सकाळचा वारा आणि आमचा काढा

तुळशीची अकरा पानं, चार मिरे, दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढं आलं, गवती चहाची एक काडी. दोन कप पाणी आटवून एक कप करायचं. हा काढा मी माझ्या सात वर्षांच्या मुलीला जवळजवळ दोन हिवाळे पाजला. मापात एकदाही चूक केली नाही. पानं मोजून घ्यायचो, पातेल्यावर आतून खूणही केली होती. आज त्या काटेकोरपणाचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तळवलीजवळ एका नव्या इमारतीत राहायला आलो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अलीकडे आमची वस्ती, पलीकडे पूर्वेला कारखाने. पहिल्याच नोव्हेंबरात मुलीची सर्दी सुरू झाली. उठल्याबरोबर शिंका, डोळ्यांना पाणी आणि छातीत बारीक शिट्टीसारखा आवाज. दुपारपर्यंत बरी व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शाळा सकाळची, त्यामुळे दुसऱ्या सत्रात तिचे तेवीस दिवस बुडाले. ते एक वेळ चाललं असतं. पण जिना चढताना ती मध्येच थांबायची, कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्या बाईसारखी उभी राहायची, आणि ते मला बघवत नव्हतं.

आमच्या इमारतीचं वैद्यकशास्त्र तळमजल्यावरच्या काकूंच्या ताब्यात होतं. काकू काही शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांचा आवाज मोठा होता आणि त्यांना शंका कधीच यायची नाही. इतक्या भांडवलावर वैद्यकी सहज चालते.

"थंडी बाधलीय हिला," त्यांनी मुलीकडे न बघताच सांगितलं. "इंग्रजी औषधं नका देऊ भाऊ. सर्दी दाबली जाते आणि छातीत जाऊन बसते."

मग कपाळाला वेखंड झालं. नाकात तूप झालं. तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकून झाली. हळदीची धुरी झाली. ज्या छातीत धड हवा जात नव्हती, तिच्यात आम्ही धूर घातला! आणि वर काकूंचा खास सल्ला: सकाळी खिडक्या सताड उघडायच्या, मुलीला पूर्वेच्या खिडकीत कोवळ्या उन्हात बसवायचं आणि ताज्या हवेत काढा पाजायचा. मी रोज बरोबर वीस मिनिटं तिला तिथे बसवायचो. घड्याळ लावून.

गुण आला नाही की काकू पथ्याची चौकशी करायच्या.

"केळं दिलं होतं?"

"नाही."

"मग ताक?"

"परवा एक वाटी."

"तेच ते!"

बरं वाटलं तर काढ्याचं श्रेय आणि नाही वाटलं तर पोरीचं ताक. मी ज्या कचेरीत साठ्याच्या नोंदी ठेवायचो, तिथे असला हिशेब कुणी केला असता, तर त्याची दुसऱ्या दिवशी बदली झाली असती. डॉक्टरांकडेही गेलो होतो. ते म्हणाले, फ्लू आहे, पाच दिवसांत जाईल. तीन महिन्यांत तो त्यांनी चार वेळा पाच दिवसांत घालवला. आम्ही राहतो कुठे, हे एकदाही विचारलं नाही. काकू निदान फुकट चुकत होत्या.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, आमचा दूधवाला दारात दूध मापत होता. तळवली गावातलाच माणूस, पन्नाशीचा. खिडकीत मुलगी लागोपाठ शिंकत होती आणि मी हातात कप घेऊन उभा.

"साहेब, काय पाजता तिला?"

"काढा. सर्दीवर."

"सर्दी नाय ती. कंपनीचा वारा हाय. फाटंचा सुटला का आमची म्हस पन शिंकते." मग किटलीचं झाकण लावत म्हणाला, "आता म्हशीला कोन काढा देतंय? तिला मी गोठ्याच्या मागं नेऊन बांधतो."

बायको आतून बाहेर आली. "अहो, पावसाळ्यात ही एकदाही शिंकली नव्हती. इतकी भिजली तरी!"

पावसाळ्यात वारा खाडीकडून येतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून येतो, म्हणजे कारखान्यांवरून. हे शाळेच्या भूगोलात होतं. मी औषध दोन हिवाळे मोजलं होतं, आजार एक दिवसही मोजला नव्हता.

त्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोनच गोष्टी लिहायला लागलो: कारखान्यांकडून येणारा वास आणि शिंका. तीस दिवस लिहिल्या. सतरा सकाळी वास आला, त्यांतल्या सोळा सकाळी मुलगी शिंकली. उरलेल्या तेरा सकाळींत दोनदा.

तो कागद घेऊन मी सोसायटीच्या मीटिंगला गेलो. आपण सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार करावी, एवढंच म्हणणं होतं. त्या खोलीत बसलेल्यांपैकी निम्मे लोक नाक ओढतच ऐकत होते.

"साहेब, वाऱ्याला नोटीस पाठवायची का?" सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले.

"तुमी टेन्शन नका घेऊ," दुसरे एक गृहस्थ म्हणाले. "आणि हे लेखी-बिखी नको. बिल्डिंगचं नाव खराब झालं तर उद्या फ्लॅट कोण घेईल?"

निदान खरं कारण तरी बाहेर आलं. मग काकूंनी सुचवलं आणि एकमताने ठरलं, की दर रविवारी सकाळी गणपतीच्या मोठ्या पातेल्यात सगळ्या इमारतीसाठी काढा करायचा. खाली अंगणात. उघड्यावर. सकाळी आठ वाजता. माझा कागद तसाच घडी घालून मी परत आणला.

घरी बायको म्हणाली, "मीटिंगा कसल्या करताय? दुसरं घर बघा. तो माणूस म्हशीची जागा बदलतो, आपल्याला पोरीची बदलता येत नाही?"

मार्चमध्ये आम्ही नेरुळला, सारसोळ्याच्या बाजूला भाड्याने राहायला गेलो. टेम्पोत सामान चढत असताना काकू काढ्याच्या पुडीची बरणी घेऊन आल्या. "खाडीची दमट हवा हो तिकडे. पोरीला सर्दी होईल."

जुलैत झालीच. शेजारच्या मुलाकडून लागलेली, साधी, वाहतं नाक आणि थोडा ताप.

"काय देऊ हिला?" बायकोने विचारलं.

"रुमाल," मी म्हटलं.

गरम वरणभात, भरपूर पाणी आणि झोप. छातीत आवाज नव्हता. पाचव्या दिवशी सर्दी गेली, तिची तीच.

पण माझा विश्वास जुलैवर नव्हता. मी नोव्हेंबरची वाट बघत होतो. थंडी पडली, पहाटे पूर्वेचा वाराही सुटला, पण इथे त्याला तो वास नव्हता, आणि मुलगी रोज दप्तर पाठीवर टाकून दोन-दोन पायऱ्या सोडत जिना उतरू लागली. नोव्हेंबर ते जानेवारी ती शाळेत दोनच दिवस गैरहजर होती. त्यातला एक दिवस तिच्या मावशीच्या लग्नाचा, आणि दुसरा त्या लग्नातल्या जिलब्यांचा.