कोरडी वाळू

मेहदीपट्टणमच्या त्या चार-पाच गल्ल्यांत बदरखालांना ओळखत नाही असं घर नव्हतं. तीस वर्षं बालवाडीत आया म्हणून काढली, शेकडो पोरांना जागेवर बसायला शिकवलं, आणि निवृत्त होऊन घरी बसल्यावर लोक वळण लावायला मांजरं घेऊन दारात यायला लागले. खालांच्या मते पोरं आणि मांजरं सारखीच. मारून शिकत नाहीत, लाजवून तर मुळीच नाहीत. खाणं एका टोकाला, वाळूचा ट्रे दुसऱ्या टोकाला, जेवण झालं की उचलून ट्रेमध्ये ठेवायचं, आणि फिनेल घरात आणायचं नाही. भजी तळायचा एक जुना झारा त्यांनी या कामाला लावला होता. मुतानं वाळूचे झालेले ओले गोळे त्यानं काढून त्या निरखत बसत. मांजराच्या पोटात काय चाललंय ते वाळूत दिसतं, असं छातीठोकपणे सांगत. जाण होतीच, पण घमेंडही काही कमी नव्हती.

शुजातमियाँच्या घरून रविवारी बोलावणं आलं. मियाँ म्हातारे, घड्याळं दुरुस्त करायचे, आता नजर गेलेली. त्यांचा बोका बादाम, सहा वर्षांचा. मियाँच्या बेगमनं त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलेलं. बेगम गेली, बोका उरला. सहा वर्षं ट्रे न चुकलेला हा बोका आता नमाजाच्या चटईवर मुतायला लागला होता. चटई तीनदा धुवावी लागली. सून तहमीना वाईट नव्हती, पण शुक्रवारी माहेरची माणसं यायची होती, आणि तिनं स्वच्छ सांगितलं होतं की तोवर हा सुधारला नाही तर पुलापलीकडच्या मासळीबाजारात सोडून येणार. मियाँनी बोक्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

खालांनी बोक्याला कपड्यांच्या छोट्या खोलीत कोंडलं. दोन ट्रे, ताजी वाळू, दाराला कडी. सोमवारी वाळूत लिंबाएवढा गोळा निघाला. मंगळवारी बोराएवढे चार. बुधवारी हरभऱ्याएवढे, तेही मोजकेच. पण ट्रेबाहेर एक थेंब नव्हता, आणि बोका दिवसातून दहा वेळा आपण होऊन ट्रेमध्ये जाऊन बसत होता. बराच वेळ बसायचा. घशातून खोल, लांबलेला आवाज काढायचा.

मियाँ दाराशी येऊन म्हणाले, "खाला, आवाज बदललाय त्याचा. असा नाही तो ओरडत."

"रुसलाय. कोंडलं की पोरं पण रडतात. तुम्ही लाड करू नका, मियाँ, तुमच्या लाडानंच बिघडलाय."

मियाँ दाराला पाठ लावून तिथंच जमिनीवर बसले.

गुरुवारी दुपारी खाला आल्या तेव्हा तहमीना खिरीची वाटी घेऊन उभी होती. चेहरा मोकळा झाला होता बिचारीचा. म्हणाली, "कालपासून एक थेंब नाही कुठं. आणि किती शांत झालाय बघा, हलत पण नाही."

खालांनी वाटी घेतली. एक घास खाल्ला. मग खोलीत जाऊन झारा वाळूत घातला. एकही गोळा नाही. दुसऱ्या ट्रेमध्येही नाही. वाळूवर फक्त पंजाचे ओरखडे, पुन्हा पुन्हा काढलेले. त्यांनी गुडघ्यांवर बसून कोपरे हुंगले, कपड्यांचे गठ्ठे हुंगले, दारामागं पाहिलं. कुठंच वास नव्हता. बोका भिंतीकडं तोंड करून पडला होता.

वाटी हातातच होती, आणि खालांना एकदम आपल्या नवऱ्याचं अंथरूण आठवलं. याकूबमियाँ वर्षभर खाटेवर होते. दिवसातून तीनदा चादर बदलावी लागे. शेवटच्या दोन दिवसांत चादर कोरडी राहायला लागली, तेव्हा खालांनी शेजारणीला हसत सांगितलं होतं की यांना आता बरं वाटतंय. हसत सांगितलं होतं. बारा वर्षं झाली, पण ते हसू त्यांनी स्वतःला माफ केलं नव्हतं.

त्यांनी बोक्याच्या पोटाला हात लावला. आत कच्च्या पेरूएवढं काहीतरी टणक लागलं.

बोक्याला कापडात गुंडाळून खाला मियाँसोबत रिक्षात बसल्या. गुरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लघवी कधीपासून बंद आहे. खालांनी सगळं सांगितलं, दिवसवार. लिंबू, बोरं, हरभरे, मग काही नाही. डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं.

"म्हणजे तुम्हाला सगळं दिसत होतं."

"दिसत होतं. मी म्हणत होते, शिकतोय."

लघवीच्या वाटेत खडा अडकला होता. नळी घातली, लालभडक लघवी निघाली. मूत्रपिंडांचं आत्ताच सांगता येत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शनिवारी नळी काढू, आणि दुपारपर्यंत यानं स्वतःहून केली तरच आशा धरा. शुक्रवारी तहमीनाकडं पाहुणे जेवून गेले. धुतलेल्या चटईवर तिनं स्वतः बोक्यासाठी दुआ मागितली, असं मियाँनी नंतर सांगितलं.

शनिवारी नळी काढली. अकरा वाजले, बारा वाजले. ट्रेमध्ये ठेवलं तर बोका तिथं बसेना, ट्रे दिसला की कान पाडायचा. दुखत असताना ट्रेजवळ कोंडून ती भीती आपणच शिकवली, हे खालांना कळलं, आणि त्यांना रडू आलं. त्यांनी ट्रे बाकाखाली सरकवला, बोक्याला मांडीवर घेतलं. पलीकडं मियाँ, हातात तसबीहची माळ. डॉक्टरीणबाई दोनदा डोकावून गेल्या, दुसऱ्यांदा त्यांनी नजर चुकवली.

पाऊण वाजता खालांना मांडीवर ऊब जाणवली. ती पसरत गुडघ्यापर्यंत गेली, मग कपड्यातून ओघळून फरशीवर थेंब पडायला लागले. मियाँना दिसलं नाही, पण ऐकू आलं.

"खाला, कपडे खराब झाले तुमचे."

"होऊ द्या," खाला म्हणाल्या, आणि जराही हलल्या नाहीत. "सगळं होऊ द्या त्याला."