हिरानं आखलेली पहाडाची वाट

हिरा सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत संशोधक होती. संध्याकाळी पासिर रिसला घरी परतताना एमआरटीची रेल्वेगाडी जमिनीखालून वर आली की लांबवर ढगांच्या रांगा दिसायच्या. ते बर्फाचे डोंगर आहेत असं समजून ती आपलं स्टेशन येईपर्यंत बघत बसायची. तिचं लहानपण अकोल्यात गेलं, चिखलदऱ्याच्या सहली करत. सिंगापुरात डोंगर म्हणावा असं काहीच नव्हतं.

२००७ साली अमेरिकेहून परतलेल्या एका सहकाऱ्यानं तिला फोटो दाखवला. तळ्याकाठी एक पांढरी आरव्ही उभी होती. चाकांवरचं घरच ते. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर. मागे आभाळाला टेकलेले पहाड. त्या दिवसापासून हिराच्या डोक्यात दुसरं काही राहिना.

नवरा प्रफुल्ल लगेच तयार झाला. अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमधले गरम पाण्याचे फवारे त्याला बघायचेच होते. अडचण एकच होती, त्याचा एक डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे गाडी हिराला चालवावी लागणार. तिनं आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. ती शिकायला जाऊ लागली. पहिल्या परीक्षेत चाक फुटपाथच्या कडेवर चढलं आणि ती नापास झाली. दुसऱ्या खेपेला पास झाली, आणि त्या संध्याकाळी उगाचच समुद्राकाठी लांबवर चालत गेली.

एका रविवारी मुलगी प्रियदर्शिनीनं हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीनं आरव्ही आखली. हॉल कमी पडला, न्हाणीघर स्वयंपाकघरात गेलं. अमेरिकेतल्यासारखी चालकाची जागा डावीकडे ठेवली. चौघांनी दुपारभर त्या रेघांच्या आत राहून बघितलं. प्रफुल्लचे वडील, दादाराव, खिडकीजवळच्या 'पलंगावर' सतरंजी टाकून बसले. बायको गेल्यापासून ते मुलाकडेच राहत होते आणि फारसं बोलत नसत. त्या दुपारी मात्र समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "बर्फाला वास असतो का गं?"

ते ऐकल्यापासून त्यांच्याशिवाय जायचं नाही, हे हिरानं मनाशी ठरवलं.

निघण्याआधी दादारावांची तपासणी झाली. हृदयाचं दुखणं होतंच. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही, पण फार उंचावर मुक्काम नको म्हणून बजावलं. यलोस्टोन तर सगळं उंचावरच. दादाराव म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी इथे राहीन. हिरानं अमेरिकेचा नकाशा जमिनीवर पसरला आणि बोट उत्तरेकडे सरकवत नेलं, थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत. तिथे ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये एक तळं सापडलं. पहाड उंच, पण तळं बरंच खाली.

"आणि माझे फवारे?" प्रफुल्लनं विचारलं.

"ते राहतील," हिरा म्हणाली. "बाबा येतील."

प्रफुल्लनं काही दिवस नकाशाकडे बघायचंच टाळलं. मग एका संध्याकाळी तोच वडिलांसाठी जाड मोजे घेऊन आला. दादारावांना ते होतील का, अशी हिराला शंका आली. प्रियदर्शिनीनं ते त्यांच्या पायात घालून बघितले आणि म्हणाली, "कॅन लाह, आई, होतात की."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पहिलं वळण हिरानं अगदी सावकाश घेतलं, नंतर रस्ताच तिला पुढे नेत राहिला. गवताळ माळ सरता सरेना. मग एका दुपारी क्षितिजावर निळसर रेघ उमटली. हिराला वाटलं, ढगच असणार. पण रेघ विरली नाही, वाढत गेली.

घाटरस्त्यावर लांब गाड्यांना मनाई होती. म्हणून आरव्ही तळ्याकाठी ठेवून प्रफुल्ल आणि प्रियदर्शिनी बसनं वर गेले. हिरानंही जावं म्हणून दादारावांनी आग्रह केला, पण ती थांबली. दोघं पाण्यापाशी खुर्च्या टाकून बसले. वारा पडला, तसा सगळा पहाड बर्फासकट उलटा होऊन पाण्यात उतरला.

"तुझ्या सासूबाईंना इथे करमलं असतं," दादाराव म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोचा विषय पहिल्यांदाच काढला होता. मग ते बोलतच राहिले, तिच्या हसण्याबद्दल, तिच्या हातच्या भाकरीबद्दल. पाण्यातला पहाड हळूहळू गुलाबी होत गेला. हिरा ऐकत राहिली.