तिसरी हाक

योएझरच्या हातचा दगडी पेला नाही असं घर आमच्या गावात शोधून सापडणार नाही. मातीच्या भांड्याला विटाळ झाला की ते फोडावं लागतं. दगडाला काही म्हणजे काही होत नाही. म्हणून डोंगरातला मऊ पांढरा दगड कोरून तो पेले करायचा, गाढवावर लादायचा आणि यरुशलेमला न्यायचा. पन्नाशी उलटली तरी लग्न नाही. घरात तो आणि त्याची आई शपीरा, बस्स. बोलणं इतकं कमी, की शेजारचे तेलवाले जक्कैकाका म्हणायचे, "ह्याचं आणि दगडाचं बरं जमतं. दोघंही उत्तर देत नाहीत."

त्या हिवाळ्यात म्हातारीला ताप भरला आणि उतरेचना. योएझर घाबरला. दारात उभं राहून त्याने देवाला बोलून टाकलं, "आई उठली तर शंभर दिवस नाजीर राहीन." आणि म्हातारी उठली की हो! चौथ्या दिवशी चुलीपाशी बसून भाकरी थापायला लागली.

नाजीर म्हणजे द्राक्षारस बंद, द्राक्षाचा एक मणीही तोंडात घालायचा नाही. केसांना वस्तरा नाही, फणी नाही. आणि मढ्याच्या जवळ जायचं नाही, मग ते सख्ख्या आईबापाचं का असेना. आईसाठी नवस करताना आईच गेली तर काय, हा विचार कोण करतो? मी सांगतो, कोणीही करत नाही.

म्हातारीला मात्र त्याची चेष्टा करायला निमित्तच मिळालं.

"काय रे हे रान वाढवलंयस डोक्यावर! मुली सांगून येणार होत्या, त्याही पळाल्या."

"कुठल्या मुली, आई? पन्नास वर्षांत एक तरी आली?"

"विंचरला असतास तर आली असती."

एकाहत्तराव्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. श्वास वर लागला होता. योएझर तिचा हात धरून बसला. जक्कैकाकांची बायको पाणी घेऊन आली, तिने एकदा म्हातारीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. बोलली ती म्हातारीच.

"ऊठ. बाहेर हो."

"आई, थोडं बसू दे ना."

"मेल्या, मी आत्ता जाईन आणि तू त्याच छपराखाली सापडशील. सगळे दिवस पाण्यात जातील. माझ्यासाठीच केलेस ना? मग माझ्यासाठीच ऊठ."

तो उठला. अंगणात छपराची सावली जिथे संपते त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा त्याने आपला अंगरखा छातीपाशी फाडला. एवढंच त्याला करता येत होतं.

दुपारी म्हातारीला नेलं. सगळा गाव तिच्यामागून, आणि पोटचा मुलगा पार मागे, एकटा. वळणावर एक बोरीचं झाड आहे, तिथवर तो आला. पुढे थडग्यांची हद्द. तिथून त्याला लोकांच्या पाठी दिसल्या, आई दिसली नाही. मूठमाती जक्कैकाकांनी दिली. परतताना चार पावलं लांब थांबून ते म्हणाले, "तुझ्या नावाची एक मूठ वेगळी टाकली रे, बाळा." योएझरने मान हलवली.

सात दिवस लोक येऊन बसले, मग येईनासे झाले. लोकांचं तरी काय चुकलं? ज्याची त्याला कामं. संध्याकाळी तो सवयीने दोन पेले मांडायचा आणि एक परत फळीवर ठेवायचा. घर खायला उठायचं. मनात एकच धरून बसला होता, शंभर दिवस पुरे करायचे. देवळात केस उतरतील, ते यज्ञाच्या आगीत जातील, आणि आईने मरता मरता मागितलेलं तेवढं तरी तिच्या पदरात पडेल.

सत्त्याण्णवाव्या दिवशी तो निघाला. जक्कैकाकाही तेलाचे बुधले घेऊन सोबत होते. वाटेत विहिरीपाशी काकांच्या चपलेचा पट्टा तुटला. "तू हो पुढे, तुझं गाढव माझ्यापेक्षा शहाणं आहे. आलोच मी."

योएझर पुढे गेला. टेकडीला वळसा घातला आणि गाढव थांबलं. वाटेच्या कडेला, खडकाच्या आडोशाला, एक म्हातारी पडली होती. मेलेली. कुणी भिकारीण असावी. पायात एकच चप्पल, टाचा भेगाळलेल्या. शपीराच्या होत्या अगदी तशाच. वर गिधाडं फिरत होती.

तो दहा पावलांवर थबकला. ज्या मढ्याला कुणीच नाही त्याला माती देणं हे आमच्यात सगळ्यांवर आहे, महायाजकावर आणि नाजीरावरसुद्धा. पण कुणीच नाही हे आधी ठरावं लागतं. हाक मारायची. कुणी ओ दिली, तर नाजीराने हात लावायचा नाही. आमच्या गावची रीत तीन हाकांची.

"कोणी आहे का?" तो ओरडला.

वारा सुटला होता. उत्तर नाही.

"कोणी आहे का हो?" तो पुन्हा ओरडला, घसा फाटेस्तोवर.

काका मागे आहेत हे त्याला माहीत होतं. काका येतील, उचलतील, पुरतील. आपण पुन्हा दहा पावलांवर उभे राहू आणि पाठी बघू. सत्त्याण्णव दिवस हातात आहेत, तीन उरलेत. त्याने त्या टाचांकडे बघितलं.

तिसरी हाक त्याने मारली. मारली, पण अशी, की शेजारच्या गाढवाने कानसुद्धा हलवला नाही.

मग तो पुढे गेला आणि त्याने म्हातारीला उचललं. किती हलकी होती! खडकाखालच्या खळग्यात तिला नीट निजवलं, तोंडावरचे केस बाजूला केले, डोळे मिटले. गाठोड्यातला एक पेला काढून त्याने माती भरभरून टाकायला सुरुवात केली आणि पहिल्या पेल्यालाच हुंदका फुटला. "आई गं," म्हणून तो लहान मुलासारखा रडला. एकाहत्तराव्या दिवसापासूनचं सगळं तिथे बाहेर आलं.

काका पोचले तेव्हा तो दगड रचत होता.

"अरे, हे काय करून बसलास! मला हाक मारायची की!"

"मारली."

"दोन ऐकल्यासारख्या वाटल्या. वाऱ्याचा भास म्हणून थांबलो. म्हटलं, खरं असेल तर तिसरी येईल."

योएझरने पुढचा दगड नीट बसवला. काकांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, हातातल्या पेल्याकडे बघितलं, आणि बुधले खाली ठेवून दगड उचलायला लागले.

सगळे दिवस गेले. तो तिथूनच गावी परतला. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी विटाळ उतरवणारं राखेचं पाणी शिंपडून घ्यायचं, सातव्याला डोकं भादरायचं, आठव्याला देवळात दोन पारवे आणि एक कोकरू, की पुन्हा पहिल्यापासून शंभर. केस विटाळलेले, म्हणून आगीत नाही घालायचे, मातीत पुरायचे.

सातव्या दिवशी बोडकं डोकं घेऊन तो बोरीच्या झाडापर्यंत गेला. पुढे जायची मुभा आताही नव्हती. विटाळलेल्या नाजीरालाही पुन्हा विटाळून घेता येत नाही. झाडाखाली हाताने खड्डा करून त्याने केस ठेवले. आईने ज्यांची चेष्टा केली तेच केस. वर मूठभर माती टाकली.

"आई," त्याने थडग्यांकडे तोंड करून हाक मारली. "आई गं." आणि मग तिसऱ्यांदा, छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून.

घाण्यापाशी बसलेल्या जक्कैकाकांना ती ऐकू आली. त्यांची बायको उठायला लागली, तशी त्यांनी तिला हाताने थांबवलं.

"बस," ते म्हणाले. "ती आपल्याला नाही."