न बसवलेले दोन पंखे

माझ्या साहेबांनी मला फसवलं. आणि बारामतीच्या एका अभ्यासिकेत बसणाऱ्या साठ मुलामुलींना मी फसवलं. हे आधी लिहून ठेवतो, मग बाकीचं.

इंदापूरच्या स्टँडवर अब्बा मला पुण्याच्या गाडीत बसवायला आले, तेव्हा त्यांच्या शर्टाला लाकडाचा भुसा लागलेला होता. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या घ्यायची, रंधा मारून पुन्हा विकायची, हा आमचा धंदा. माझं इंजिनिअरिंग त्या चौकटींवर झालं आणि भाव करायलाही मी तिथंच शिकलो. गाडी हलताना ते खिडकीचा गज धरून म्हणाले, "समोरचा लगीच व्हय म्हणला तर घाबर. समज, माल तू नीट बघितलाच न्हाईस." मी हसलो. अब्बांना पुण्यातलं काय कळतंय, असं वाटलं.

पुण्यात ग्रीन बिल्डिंगच्या एका कन्सल्टन्सीत लागलो. इमारत वीज किती वाचवते, पाणी किती, आत हवा कशी खेळते, याचे पॉइंट मोजायचे, फाईल करायची, रेटिंग मिळवून द्यायचं. दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या नावावर जाणाऱ्या फायली केल्या. मग एक दिवस डोकं फिरलं. साहेबांच्या टेबलावर हात आपटून म्हणालो, ग्रीन बिल्डिंगच्या परीक्षेला बसवा, आणि पास झालो की अहवालावर माझं नाव, माझी सही. नाहीतर मी चाललो.

साहेब हसले. "अरे, एवढंच ना? घे की. तुझ्याच करिअरसाठी चांगलं आहे."

एका मिनिटात सौदा झाला. पास झालो आणि ऑफिसभर मिरवलो. आधी साईटवर नेऊन दाखवा, हे मागायचं मला सुचलंच नाही.

पहिली सही त्या अभ्यासिकेची. चारी बाजूंनी बंद हॉल, एसी, लाकडी कप्पे, स्पर्धा परीक्षेची मुलं. खिडकी एकही उघडत नाही, म्हणून बाहेरची हवा आत ओढणारे दोन पंखे नकाशात दाखवले होते. चेकलिस्टवर रकाना होता, 'पंखे चालवून पाहिले'. साहेबांनी मोबाईलवर बसवलेल्या पंख्यांचा फोटो दाखवला. मी खूण केली, सही केली. त्या कागदाची झेरॉक्स अब्बांनी दुकानात लावली.

पुढं माझी धाकटी बहीण समीना त्याच अभ्यासिकेत बसायला लागली. रोज बारा तास. फोनवर म्हणायची, "भाई, दुपारनंतर डोकं लई जड होतंय. अक्षरं दिसत्यात, पण कळत न्हाईत." मी म्हणायचो, चष्म्याचा नंबर तपास. मग एकदा म्हणाली, "शेजारची पोरगी चक्कर येऊन पडली. मालक म्हणतेत, डबा खात न्हाय." तेव्हा मला मी न बघता केलेली ती खूण आठवली.

हवा मोजायचं यंत्र घेऊन भर दुपारी बारामती गाठली. समीनाच्या कप्प्यात ते ठेवलं. श्वासानं साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढत राहिला, थांबेचना. स्टुलावर चढून फॉल सीलिंगचा एक चौकोन सरकवला. पाइप भिंतीपर्यंत गेला होता. पंख्याच्या जागी थर्माकोल कोंबलेला. दुसऱ्या बाजूलाही तेच. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीचा होता.

मालकावर तुटून पडलो. ते चहा ढवळत राहिले. "आरडू नका, इंजिनिअर. तुमचेच साहेब म्हणले, सर्टिफिकेट हातात आलंय, आता लाईटबिल कशापायी वाढवताय? आन् कागदावर सही कुणाची हाय?"

गल्लीत जाऊन साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "बोललास तर पहिलं नाव तुझंच खराब होईल. शिकायचे दिवस आहेत, थोडं पचवायला शीक."

समीनाला म्हटलं, उचल पुस्तकं, चल घरी.

"मी उठते, भाई. पण ह्यांचं काय? हॉल माझ्या भावानं तपासलाय, असं मीच सांगितलंय सगळ्यास्नी."

गावाकडच्या माझ्या सोबत्यांनो, तुम्ही काही जण मागं राहिलात, काही जण माझ्यासारखे बाहेर पडलात. गाव सोडलं की तिथली काळजी सुटते, असं मला वाटायचं. आता पुण्यात फोन वाजला आणि नंबर बारामतीचा दिसला, की आधी वाटतं, आणखी कुणी पडलं. घर म्हणजे आता तो बंद हॉल. माझ्या सहीच्या भरवशावर तिथं पोरं श्वास घेत आहेत.

रेटिंग देणाऱ्यांना पत्र टाकलंय, सही मागं घेतो म्हणून. नोकरी जाणार, कदाचित परीक्षेचा दाखलाही. अब्बांना अजून सांगितलेलं नाही. हॉल मात्र चालूच आहे. दार उघडं ठेवा म्हटलं, तर गारवा जातो म्हणून मुलंच उठून लावून घेतात.

साहेब, माझ्या सहीचं उत्तर मी देईन. पण तो फोटो कुठल्या इमारतीचा होता, आणि पंखे नकोत असं कुणी ठरवलं, ह्याचं उत्तर तुम्ही द्यायचं. मला एकट्याला केबिनमध्ये बोलावून नाही. बारामतीला या, त्या साठ जणांसमोर उभे राहा आणि द्या.