मोकळी करी

नव्वदच्या आसपास मी धरणगाव भागात फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक शेतकरी धापा टाकत ठाण्यात आला.

"साहेब, मनी बहीणले तिना नवरानी मारी टाकं."

आम्ही अंत्यविधी थांबवला. असं काम करताना सगळ्या गावाची नजर पाठीत रुतते. बाईला घशाचा कर्करोग होता, नाकातल्या नळीने दूध-पाणी चालायचं. ती नळी काढलेली होती आणि दोन्ही मनगटांवर बांधल्याचे वळ होते. पंचनामा करून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

नवरा साठीचा. पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "तिले मीच मोकळी करी."

आमचा हवालदार घाटावरचा, इकडची बोली त्याला अर्धीच कळायची. त्याने लगेच 'जीव घेतल्याचे कबूल' असं लिहायला घेतलं. मी त्याला थांबवलं. गुन्हा कबूल करणारा माणूस समोरच्या फौजदाराचा चेहरा निरखतो. हा स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

"मोकळी करी म्हणजे काय केलं, आबा?"

"मी तिना हात सोडात, साहेब."

ती नळी उपटायची, म्हणून दवाखान्याने हात बांधून ठेवायला सांगितलं होतं. घरी आणल्यावर खाटेला पट्ट्या बांधायचं काम तिच्या भावाकडे होतं. तक्रार देणारा तोच.

"हात सोडले तर ती नळी काढणार, हे ठाऊक होतं?"

"ठाऊक व्हतं. हात सोडात तं तिनी पहिले माले हात जोडात. मंग नळी काढी. मी परत लावू दिधी नै."

दारात उभा असलेला भाऊ आत आला. "ती जगाले पाहिजे म्हनीसन हात बांधात मी," एवढंच बोलला.

शवविच्छेदनात मृत्यूचं कारण रोग निघालं. वरिष्ठांनी अकस्मात मृत्यू म्हणून प्रकरण मिटवलं. मला हायसं वाटलं, ते लपवत नाही. जीव दोघांचाही तिच्यावर होता.

नोकरीत मी पुष्कळांचे हात बांधले. आता वय झालं. माझ्यावर तशी वेळ आली तर माझे बांधू नका, असं मी मुलाला सांगून ठेवलंय. तो ऐकून घेतो, पण अजून हो म्हणालेला नाही.