नमुन्याची बाटली

श्रीगोंद्याजवळ आमचा पुठ्ठ्याचा लहानसा कारखाना होता. उसाची चिपाडं चुन्याच्या पाण्यात भट्टीवर शिजवून लगदा करायचा. उरलेलं काळपट पाणी ओढ्याला जायचं. मग नवा कायदा आला. पाणी सोडायला सरकारची परवानगी हवी, नाहीतर कारखाना बंद. वडिलांजवळ दुसरं काहीच नव्हतं.

अर्ज इंग्रजीत, म्हणून माझ्याकडे आला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. पाणी निवळावं म्हणून वडिलांनी ओळीने तीन खड्डे खणून घेतले. गाळ तळाशी बसे आणि शेवटच्या खड्ड्यातून बऱ्यापैकी स्वच्छ पाणी बाहेर पडे. ते ओंजळीत घेऊन वडील वास घेऊन बघत.

तपासणीचे साहेब येणार त्या सकाळी आम्ही गेलो तर आवार लखलखत होतं. दारात रांगोळीसुद्धा. मुकादम खुशीत होता.

"सायेब येनार म्हनून समदं धुतलं, मालक. खड्डं बी साफ केलं. लई गाळ हुता."

"गाळ कुठं टाकला?"

"टाकतोय कुठं? पानी मारलं, गेला ओढ्याला."

ओढ्याच्या तोंडाशी डांबरासारखं पाणी वाहत होतं. तेवढ्यात जीप आली.

वडील हळूच म्हणाले, "तू सांग. इंग्रजीत सांग. तुझं ऐकतील."

मी सांगितलं. रोज असं नसतं, तुम्ही येणार म्हणून धुतलं, दोन दिवसांनी पुन्हा या. बोलताना हातरुमाल पिळत होते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाले, "बाई, जाईन तिथं मला हेच सांगतात." मग वाकून त्यांनी त्याच काळ्या पाण्याने नमुन्याची बाटली भरली, बूच लावलं, वर लाखेची मोहोर केली.

वडिलांनी चहाचा आग्रह केला. साहेब थांबले नाहीत.

"चा बी न्हाई घेतला व्हय?" मुकादमाला वाईट वाटलं होतं. "काय कमी पडलं का, ताई?"

वडील धुतलेल्या रिकाम्या खड्ड्याच्या काठावर मातीतच बसले होते. एका गड्याने लांबूनच विचारलं, "मालक, भट्टी पेटवू का?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. काय सांगायचं ते मी सांगावं, असं. गडी तिथेच उभा राहिला.